घर उघडं कधी टाकायचं? थंड प्रदेशातल्या एका नूतनीकरणाचं प्रकरण

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक जोडपं नकाशांची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आलं. ठेकेदार ठरला होता, कामांची यादी तयार होती आणि ऑक्टोबरच्या शेवटी सुरुवात करायची होती. सही करण्याआधी कुणीतरी त्रयस्थाने कागद नजरेखालून घालावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. यादीत मला एकही काम अनाठायी वाटलं नाही. मला खटकला तो सुरुवातीचा महिना.

घर साठेक वर्षांचं, विटांचं, दुमजली. वर उतरतं छप्पर आणि त्याखाली रिकामा पोटमाळा. राहणारी माणसं पाच: नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि नवऱ्याची आई. आजींना जिना चढणं कठीण झालं होतं, म्हणून तळमजल्याला मागच्या अंगाने एक खोली वाढवायची होती. एकदा घराला हात लागतोच आहे तर छपराचं जुनं आवरण काढून खाली इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, घालू, अकराच्या अकरा खिडक्या बदलू, बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन लावून नवा गिलावा करू, तळमजल्याची जमीन उखडून नवा कोबा आणि त्यावर लाकडी फळ्या टाकू, शेवटी आतून रंग, असं करत यादी वाढत गेली होती. नूतनीकरणाची यादी बहुतेक घरांत अशीच वाढते, त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

ठेकेदाराचं म्हणणं साधं होतं. उन्हाळ्यात त्याच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, हिवाळ्यात माणसं मोकळी असतात, म्हणजे काम सलग आणि सवडीने होईल. आजींनाही एप्रिलपर्यंत खोली मिळेल. यातलं पहिलं विधान खरं होतं. दुसऱ्याबद्दल मला शंका होती, कारण त्या भागात जानेवारीच्या रात्री उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतात आणि जमीन जवळपास मीटरभर खोल गोठते.

मी त्यांना एक प्रश्न विचारला: तुमचं घर किती दिवस उघडं राहणार आहे, आणि नेमके कोणते दिवस? याचा विचार कुणीच केला नव्हता. आराखड्यात प्रत्येक कामाला किती आठवडे लागतील ते लिहिलेलं होतं, पण छप्पर उघडं असताना, भिंतीला भगदाड असताना किंवा कोबा ओला असताना बाहेर काय हवा असेल, याचा कुठे उल्लेख नव्हता.

मग आम्ही यादी नव्याने मांडली, या वेळी खोल्यांनुसार न मांडता पाण्यानुसार. एका बाजूला ज्यात पाणी आहे अशी कामं: पायाचं काँक्रीट, कोबा, आतला-बाहेरचा गिलावा, रंग. दुसऱ्या बाजूला ज्यात घराचं कवच उघडतं अशी: छप्पर, खिडक्या, नव्या खोलीसाठी मागची भिंत फोडणं. उरलेली कोरडी आणि आतली: वायरिंग, पार्टिशन, कपाटं, दारं. कोरड्या कामांना बाहेरच्या ऋतूशी फारसं देणंघेणं नसतं, ती कडाक्याच्या थंडीतही होतात. पण पहिल्या दोन गटांतली कामं ऋतू सोडून केली, तर पुढे कित्येक वर्षं निस्तरत बसावं लागतं.

पायाचंच घ्या. ओल्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की ते सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटला साधारण ३.५ मेगापास्कल इतकी ताकद येण्याआधी हे घडलं, तर आतली वीण कायमची सैल होते. नंतर ऊब मिळाली तरी ती ताकद भरून येत नाही, आणि अंतिम मजबुती निम्म्यापर्यंत घसरू शकते. गोठलं नाही तरी गारठ्यात सिमेंटची रासायनिक क्रिया मंदावते. १० अंशांखाली हा फरक चांगला जाणवतो, आणि ४-५ अंशांच्या आसपास जगभरचे बांधकाम नियम खास काळजी घ्यायला सांगतात. ठेकेदार म्हणाला, नोव्हेंबरात दुपारी आठ अंश असतं. असतं, पण काँक्रीटला रात्रही त्याच जागी काढायची असते. शिवाय पाया ज्या जमिनीवर बसतो ती जमीनच गोठलेली असली, तर वसंतात ती विरघळून खचते. गोठताना ती उलट वर उचलते, कारण मातीतलं बर्फ खालचं पाणी वर ओढून घेत थराथराने जाड होत जातं. पायाचा तळ गोठणाऱ्या खोलीच्याही खाली न्यायचा तो यासाठीच.

हिवाळ्यात काँक्रीट होत नाही असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. गरम पाण्यात कालवलेलं मिश्रण, जाड गोधड्यांसारखी पांघरुणं, तंबू आणि हिटर, लवकर पक्कं होण्यासाठी घालायची द्रव्यं, हे सगळं वापरून मोठमोठी बांधकामं भर हिवाळ्यात चालतात. तिथे रात्रीची पाळी असते आणि काँक्रीटमध्ये तापमापक पुरून त्याच्या नोंदी ठेवल्या जातात. आमच्याकडे चार माणसांची टोळी होती, ती संध्याकाळी पाचला घरी जाणार होती. पहाटे तीनला हिटर बंद पडला तर कळणार कुणाला?

म्हणून कॅलेंडर उलट्या बाजूने भरायचं ठरलं. स्थानिक हवामानाच्या जुन्या नोंदी काढल्या. रात्री शून्याखाली जायला साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरुवात होते. बर्फ मार्चअखेर वितळतं, पण त्याचं पाणी जमिनीत मुरून ती पक्की व्हायला एप्रिल संपतो. म्हणजे ओल्या आणि उघड्या कामांसाठी मे ते सप्टेंबर असे पाच महिने हाती राहतात. मी त्यातला शेवटचा पंधरवडा राखीव म्हणून बाजूला काढला. मग १५ सप्टेंबरला कवच बंद झालेलंच पाहिजे असं धरून एकेक काम मागे मागे नेत बसवलं. खिडक्यांच्या आधी छप्पर, छपराच्या आधी नव्या खोलीच्या भिंती, भिंतींच्या आधी पाया, पायाच्या आधी खोदाई. उलटं मोजल्यावर खोदाई मेच्या पहिल्या आठवड्यात येत होती. त्या वर्षीचा मे कधीच सरला होता.

घरातल्या बाईंनी तिथेच विचारलं, "म्हणजे आईंनी अजून एक वर्ष जिना चढायचा का?"

हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय वर्षभर थांबा असं सांगायचा मला अधिकार नव्हता. आम्ही घरात पुन्हा फिरलो. तळमजल्यावरची जेवणाची खोली दिवसातले दोन तास वापरात होती. तिच्यात लाकडी सांगाड्याचं एक कोरडं पार्टिशन, एक दार, पलंगाजवळ दोन स्विच आणि शेजारच्या स्वच्छतागृहात आधाराचे दांडे, एवढं केलं तर आजींचा मुक्काम खाली हलत होता. हे काम नऊ दिवसांत, ऑक्टोबरमध्येच झालं. घराचं कवच कुठेही उघडावं लागलं नाही. घाई होती ती जिना टाळण्याची. नवी खोली हा त्यावरचा एक उपाय होता, आणि तो वर्षभर थांबू शकत होता. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. ऋतूचा प्रश्न पुष्कळदा असाच सुटतो: ज्याची खरोखर तातडी आहे ते वेगळं काढलं की उरलेलं ऋतूसाठी थांबायला तयार होतं.

छप्पर गळत असतं, तर मी हे काहीच म्हटलं नसतं. गळकं छप्पर, बंद पडलेला बॉयलर, झिजलेली वायरिंग यांना ऋतू विचारायचा नसतो. तात्पुरतं का होईना, ते त्याच आठवड्यात बंदोबस्ताला घ्यावं लागतं. इथे तसं नव्हतं. त्या शरद ऋतूत आम्ही बाहेरून फक्त पन्हळी साफ केल्या, दोन सैल पत्रे ठोकून घेतले आणि घर बंद केलं.

त्या हिवाळ्याचं आम्ही काय केलं, हा या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. लोकांना वाटतं की थांबलेले महिने वाया गेले. थंड प्रदेशातलं घर कुठे आजारी आहे ते मात्र हिवाळ्याशिवाय कळत नाही. बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी रस्त्यापलीकडे उभं राहून छप्पर पाहायचं, याला एक पैसाही लागत नाही. शेजारच्या छपरावर बर्फ सारखं पसरलेलं, आणि आपल्यावर बर्फातून रेघा दिसताहेत, मधोमध एक पट्टा वितळलेला आहे, तर तिथून घरातली ऊब बाहेर चालली आहे. या घराच्या छपरावर, पोटमाळ्यात चढायच्या झाकणाच्या बरोबर वर, चौकोनी काळा डाग पडला होता. वर वितळलेलं पाणी ओघळून थंड वळचणीपाशी पुन्हा गोठत होतं आणि तिथे बर्फाचा बांध तयार होत होता. त्यामागे साठलेलं पाणी आवरणाखाली शिरतं. वरच्या मजल्यावरच्या छताच्या कोपऱ्यातले पिवळे डाग तिथूनच आले होते, आणि घरच्यांनी आजवर त्याचा दोष पन्हळीला दिला होता.

जानेवारीत हवाबंदपणाची चाचणी केली. दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात, आत-बाहेर ५० पास्कलचा दाब-फरक ठेवतात आणि किती हवा फटींतून आत येते ते मोजतात. त्याच वेळी उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने भिंती पाहतात. या कॅमेऱ्याला आत-बाहेर निदान १० अंशांचा फरक हवा असतो, त्यामुळे जूनमध्ये ही तपासणी करून हाती काहीच लागत नाही. त्या दिवशी बाहेर उणे ८ आणि आत २० होतं. चित्र स्वच्छ आलं. घरच्यांची खात्री होती की गारठा खिडक्यांतून येतो. प्रत्यक्षात सर्वांत मोठी गळती पोटमाळ्याच्या झाकणातून आणि छप्पर जिथे भिंतीवर टेकतं त्या सांध्यातून होती. अकरापैकी सात खिडक्यांच्या चौकटी शाबूत होत्या, त्यांना नवे रबरी गास्केट आणि बिजागरीची जुळणी पुरेशी होती. फक्त उत्तरेच्या चार बदलायच्या ठरल्या. ऑक्टोबरात काम सुरू झालं असतं, तर सात चांगल्या खिडक्या उखडून फेकल्या गेल्या असत्या, आणि झाकण तसंच राहिलं असतं.

जानेवारीतच ठेकेदाराशी करार झाला. उन्हाळ्यात त्याला वेळ नसतो ही अडचण अशी सुटली: मे महिन्याची जागा थंडीतच अडवून ठेवली. खिडक्या फेब्रुवारीत मागवल्या. वरच्या मजल्याची वायरिंग आणि दारांची कामं त्याच्या माणसांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपली, म्हणजे मोकळ्या महिन्यांत त्यालाही काम मिळालं.

खोदाई मात्र ठरल्या दिवशी झाली नाही. त्या वर्षी बर्फ उशिरा गेलं आणि मेच्या सुरुवातीला मागच्या अंगणात पाऊल ठेवलं की पाणी वर येत होतं. खड्ड्याचा तळ चिखल झाला असता, यंत्राच्या चाकांनी सगळी जमीन घुसळून निघाली असती. वसंत हा बांधकामाचा ऋतू मानला जातो, पण जमिनीत हात घालायचा असेल तर तो फसवा आहे. तीन आठवडे गेले. माझा राखीव पंधरवडा तिथेच संपला आणि वर आणखी एक आठवडा गेला.

छप्पर जुलैच्या सुरुवातीला, एका वेळी एकच बाजू उघडून केलं. उन्हाळ्यातही वळवाची सर येतेच. एकदा ती रात्री आली, पण ताडपत्री रोज संध्याकाळी ओढून बांधायची असा नियम होता, म्हणून निभावलं. आवरणाच्या दृष्टीनेही ऊन हवंच होतं: डांबरी थराचे तुकडे थंडीत कडक होऊन तडकतात, आणि एकमेकांना चिकटण्यासाठी त्यांच्यावर असलेली डांबराची पट्टी उन्हाच्या उबेनेच धरते. थंडीत लावलेला तुकडा पहिल्या वादळात उचलला जाऊ शकतो.

कोबा ६० मिलिमीटर जाडीचा होता, १० जुलैला घातला. सिमेंटच्या कोब्याचा ठोकताळा असा, की पहिले ५० मिलिमीटर वाळायला रोज एक मिलिमीटर या हिशेबाने वेळ लागतो आणि त्यापुढच्या प्रत्येक मिलिमीटरला दुप्पट. म्हणजे सत्तर दिवस, तेही हवा खेळती असेल तर. वरून पांढराफटक दिसणारा कोबा आत ओलाच असतो. आम्ही सप्टेंबरअखेर त्याचा तुकडा काढून कार्बाइड पद्धतीने (चुरा कार्बाइडबरोबर बंद बाटलीत हलवून, तयार होणाऱ्या गॅसच्या दाबावरून) ओल मोजली तर २.६ टक्के निघाली. लाकडासाठी सर्वसाधारण मर्यादा २ टक्क्यांची आहे. फळ्या आल्या होत्या, सुतार आला होता. त्याला परत पाठवलं.

पुढे जे घडलं ती चूक माझ्या देखरेखीखाली घडली, म्हणून ती इथे लिहितो. ऑक्टोबरच्या मध्यावर, नव्या खोलीतला आतला गिलावा आणि कोबा दोन्ही लवकर वाळावेत म्हणून टोळीतल्या एकाने खिडक्या लावून घेऊन रात्रभर गॅसचा हिटर चालवला. सकाळी काचांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि खिडकीखालचा गिलावा आदल्या दिवसापेक्षा ओला होता. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. त्या रात्री दहा किलोच्या आसपास गॅस जळला, म्हणजे वाळवण्याच्या नावाखाली बंद खोलीत सोळा लिटर पाणी सोडलं गेलं. बंद खोलीत जळणाऱ्या गॅसमुळे कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो तो वेगळाच, आणि शेजारच्या खोलीत आजी झोपल्या होत्या. धुराड्याविना हिटर वापरायचा नाही, हे मी तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. त्यानंतर ते कागदावर आलं. हिटर गेला, घरची मध्यवर्ती उष्णता सुरू केली, हवा कोरडी करणारं यंत्र लावलं आणि रोज दोनदा दहा मिनिटं खिडक्या सताड उघडल्या. बाहेरची थंड हवा गरम झाली की कोरडी होते: शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे फार तर ५ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम. ती आत येऊन तापली की ओल शोषून घेते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोजणी १.८ आली.

लाकूड नोव्हेंबरात बसलं याचं मला वाईट वाटलं नाही, खरं तर तीच त्याची योग्य वेळ होती. ३० टक्के आर्द्रतेच्या तापलेल्या खोलीत लाकडात साधारण ६ टक्के ओल राहते, उन्हाळ्यात ६५ टक्क्यांच्या हवेत १२. १२० मिलिमीटर रुंद ओकच्या फळीत एवढ्या फरकाने दीड-दोन मिलिमीटरचा बदल होऊ शकतो. भर उन्हाळ्यात घट्ट बसवलेल्या फळ्यांत हिवाळ्यात फटी पडतात, ऐन कोरड्या थंडीत घट्ट बसवलेल्या उन्हाळ्यात फुगून उचलतात. दोन आठवडे घर तापवून, फळ्या त्याच खोलीत रचून ठेवून, मधल्या ओलीवर त्या बसवल्या आणि भिंतीलगत फुगायला जागा सोडली.

गिलाव्याचा वाद जास्त कडू झाला. मेमध्ये गेलेला वेळ शेवटी उत्तरेच्या भिंतीवर येऊन अडला. दक्षिणेची भिंत ऑगस्टमध्ये उन्हाला आडोशाची जाळी बांधून, सावली पाहून केली होती, कारण तापल्या भिंतीवर गिलावा पाणी सोडून भाजल्यासारखा होतो. पूर्व-पश्चिम सप्टेंबरात झाल्या. उत्तरेला गिलाव्यात रुतवायची जाळी आणि आधाराचा थर होता, शेवटचा रंगीत थर राहिला होता, आणि ६ ऑक्टोबर उजाडला होता. त्या थराला हवा आणि भिंत दोन्ही ५ अंशांच्या वर हवी, ती लावतानाही आणि वाळेपर्यंत पुढचे काही दिवसही. पहाटे भिंतीला तापमापक लावला तर ३ अंश. ठेकेदार म्हणाला दुपारी लावू. घरमालक म्हणाले, परांची उभी आहे, दोन दिवसांचं काम, सगळी गल्ली आमची अर्धवट भिंत पाहणार. मला त्यांचा वैताग कळत होता. वर्षभर थांबून, सगळं ऐकून, शेवटी एक भिंत राहून जाते. तरी मी नको म्हणालो. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार आधाराचा थर त्या अवस्थेत हिवाळा काढू शकत होता. आम्ही त्याच्या कडा आणि खिडक्यांभोवतीचे सांधे नीट बंद केले आणि परांची उतरवली.

पुढच्या मेमध्ये, सलग चार रात्री ८ अंशांच्या वर राहिल्यावर, ती भिंत दोन दिवसांत पुरी झाली. आजी तोवर नव्या खोलीत राहायला गेल्या होत्या, आणि जेवणाच्या खोलीतलं पार्टिशन मुलांनी अभ्यासासाठी मागून घेतलं.

गेल्या जानेवारीत मी कॅमेरा घेऊन पुन्हा गेलो. छपरावर बर्फ सारखं होतं, चौकोनी डाग गेला होता, वळचणीला बांध नव्हता. नव्या खोलीच्या जमिनीतल्या फटी पोस्टकार्डाच्या जाडीच्या होत्या. नवी खोली जिथे जुन्या भिंतीला मिळते तिथे मात्र छतालगत हातभर लांबीची एक निळी, म्हणजे थंड, पट्टी दिसली, पृष्ठभाग ११ अंश. आत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना दव ९ अंशांना धरतं, म्हणजे तिथे अजून दव धरत नाही, पण अंतर थोडं आहे. त्या सांध्याचं आवरण बाहेरून उघडावं लागेल. बाईंनी जून म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली.